सत्तावीस इंचांवरची लेक

मापाच्या बाबतीत आपला हात धरणारा अजून जन्माला यायचाय! तीस वर्षं शिवणकाम करतोय. गिऱ्हाईक आमच्या घरातल्याच दुकानाची पायरी चढेपर्यंत मला त्याची कंबर कळलेली असते. त्यामुळे त्या सकाळी परदेशातून लेकीचा फोन आला, "बाबा, रजा मिळाली! विमानात बसतेय. घ्यायला तुम्हीच या हं!" आणि फोन कट झाला, तरी मी जराही गडबडलो नाही. चार वर्षांनी येत होती पोर. विमानतळावर पहिलं तोंड माझंच दिसेल, असा शब्द मी तिला जातानाच दिला होता.

"अहो, पण पोचणार कधी?" बायकोने विचारलं.

"त्यात काय! मोजतो की!"

भिंतीवर लेकीचा शाळेतला जगाचा नकाशा होता. धाकट्या भावाच्या शहराला विमानाने चार तास लागतात. नकाशावर ते अंतर तीन इंच. लेकीचं शहर पार डाव्या कडेला, आमचं उजव्या. मी टेप लावली. सत्तावीस इंच! म्हणजे छत्तीस तास!

"उद्या संध्याकाळी!" मी जाहीर केलं.

"इतका वेळ? आणि त्या कडेच्या पलीकडे काय असतं हो?"

"भिंत असते!"

असल्या शंकांना मी भीक घालत नाही. हाताशी अख्खा दिवस होता, म्हणून लेकीचा पलंग रंगवायला काढला. निळा, तिच्या आवडीचा. संध्याकाळी तो ओला पलंग हवेशीर ठेवावा म्हणून बाहेर नेताना दारातच अडकला. पुढे जाईना, मागे येईना! मी आणि बायको दोघंही आतच अडकलेलो, आणि माझा फोन कुठल्या तरी गादीखाली ओरडून ओरडून गप्प झालेला.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी पलंगावर टकटक केलं.

"दुकान बंद आहे!" मी खेकसलो. "उद्या मुलगी येतेय माझी. परवा या!"

"मग मीपण उद्याच येऊ का, बाबा?"

माझ्या हातातून पलंग सुटला, तो थेट माझ्याच पायावर! पण दुखायला वेळ कुणाला होता? पोर पलंगाखालून रांगत आत आली, डोक्यापासून पाठीपर्यंत निळीशार.

"बारा तासांचं तर विमान! तासभर वाट बघितली तुमची." केसांतला रंग पुसत ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नकाशाकडे बोट दाखवलं. बायकोने माझ्या गळ्यातली टेप ओढली आणि माझ्या पोटावर आडवी धरली. "गिऱ्हाइकाचं माप असंच घेता का, नुसतं पुढून? पाठ कोण मोजणार?"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. पृथ्वी गोल, आणि विमान तिच्या पाठीमागून आलं होतं! मायलेकी पोट धरून हसत होत्या. मी मात्र मनातल्या मनात त्या वैमानिकाला हात जोडले. माझ्या हिशेबाने लेक अजून समुद्रावर असायची, आणि ती माझ्यासमोर उभी होती. अख्खा एक दिवस फुकटात मिळाला होता मला!

डोळे पुसत लेक म्हणाली, "आई, परत जाताना विमानतळावर जायला कधी निघायचं, ते बाबांनाच मोजू दे. म्हणजे विमान हमखास चुकेल."

मी लगेच टेप घेऊन नकाशापाशी गेलो. मोजलं पुन्हा पुढूनच!