नोटीसचोर आणि दोधूआप्पा

चला, जरा डोळ्यांपुढे आणून बघा. तापीकाठचं मांडवखेडं. राज्य इंग्रजांचं, जिल्हा तेव्हाचा पश्चिम खानदेश, आणि नंदुरबारच्या बाजाराला जायचं तर बैलगाडीशिवाय गत नाही. गावाच्या मधोमध धुळीचा चौक. चौकात निंब, निंबाखाली पार. पारासमोर एक मातीची भिंत, दुधासारखी पांढरीशुभ्र. आणि त्या भिंतीला पाठ टेकून एक गृहस्थ उभे आहेत. काळा कोट, खिशात भिंग, मिशीला तूप. दिसले? मग आधी नमस्कार करा, नाहीतर ते तुमच्यावरच संशय घेतील.

हे दोधूआप्पा. आपली ओळख ते स्वतःच करून देत. असं नाजूक काम दुसऱ्यावर सोपवायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

"गुप्तहेरकेसरी दोधूआप्पा! वास घेऊन सांगेन, रात्री तुमच्याकडे कोणती भाजी होती. पाऊल बघून सांगेन, चोर डावखुरा होता की उजवा. उभ्या खानदेशात माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही!"

मुंगी सुटत नसेलही. पण आप्पा पूर्वी रेल्वेच्या पार्सल खात्यात होते, आणि हरवलेली पार्सलं शोधणं हे त्यांचं काम होतं. ती सगळी सापडली, हे खरं आहे. फक्त दरवेळी दुसऱ्याला सापडली, एवढं सांगायचं त्यांच्याकडून राहून जाई.

तर अशा या थोर पुरुषाकडे एका सकाळी मराठी तिसरीतली अकिला आली. डोळे रडून लाल झालेले.

"आप्पा, माझ्या अब्बांची नोकरी जाणार आहे. तुम्ही चोर पकडा ना!"

अकिलाचे अब्बा म्हणजे जब्बार, ग्रामपंचायतीचे शिपाई. पूर्वी ते डफ वाजवून गावात दवंडी पिटायचे. मग पंचायतीला वाटलं, आता जमाना सुधारला, दवंडी कसली पिटता, कागदी नोटिसा लावू. जब्बारचा डफ घरी खुंटीला लागला. पंचायत शुक्रवारी बसे. कारकून नोटीस लिही, जब्बार ती दिवेलागणीला चौकातल्या भिंतीवर खळ लावून चिकटवी. आणि शनिवारी गाव जागं होऊन बघतं तो भिंत कोरी! एक शनिवार नाही, दोन शनिवार नाही, वर्षभर हेच चाललं होतं.

त्याचे परिणामही चालले होते. देवी टोचणारे डॉक्टर आले, तेव्हा एकही पोर टोचून घ्यायला आलं नाही. विहिरीतला गाळ काढला, त्या दिवशी कुणाच्याच घरी प्यायला पाणी नव्हतं. तरी गाव गप्प होतं. पण मोकाट गुरं कोंडवाड्यात घालायची नोटीस निघाली, आणि पहिलीच म्हैस कोंडली गेली ती खुद्द सरपंच बन्सीलालशेठची. नोटिशीवर सही शेठजींचीच होती. पण सही करण्याआधी वाचायची पद्धत मांडवखेड्याच्या पंचायतीत अजून सुरू झाली नव्हती.

शेठजी कडाडले, "जब्बार! तू नोटिसा भितवर लावस, का घर लई जास?"

"डबाभर खय लाईसन चिटकाडस, शेठ. अल्लानी कसम!"

"मंग जातस कोठे? या शनवारले नोटीस दिसनी नही, तं तुन्हा पट्टा काढी ठेव!"

पट्टा म्हणजे शिपाईगिरीचा पितळी बिल्ल्याचा पट्टा. तो गेला की चूल गेली. अकिला आप्पांकडे आली ती यासाठी.

आप्पांनी मिशी पिळली. तपासाची भाषा शुद्धच असली पाहिजे, म्हणून ते घसा खाकरून शाळेतल्या मराठीत म्हणाले, "बाळ, चोर माझ्या मुठीत आहे. फक्त तो कोण, एवढंच कळायचं बाकी आहे." आणि त्यांनी अकिलाला मदतनीस नेमलं. भिंग पुसायचं, छत्री धरायची, आणि आप्पा बोलत असताना अधूनमधून "अस्सं!" म्हणायचं, ही तिची कामं.

पहिला संशय चौकातल्याच रूपसिंगच्या बकरीवर. बकरी कागद खाते, हे जगजाहीर. आप्पांनी एका कागदाला खळ फासली आणि तो बकरीपुढे धरला. बकरीने हुंगलं, तोंड फिरवलं, आणि शांतपणे आप्पांच्या धोतराचा सोगा चघळायला घेतला.

"बकरी निर्दोष!" आप्पांनी निकाल दिला. "धोतर मात्र सदोष झालं."

"अस्सं!" अकिला म्हणाली.

दुसरा संशय पारावर भजी विकणाऱ्या बेबीबाईवर. पुड्या बांधायला तिला कागद लागत असणार! आप्पांनी पुड्यांमागून पुड्या उघडून पाहिल्या. सगळ्या पळसाच्या पानांच्या निघाल्या. आतला पुरावा तपासता तपासता संपला.

"आप्पा, भजी खाई ऱ्हायनात का चोर धरी ऱ्हायनात?" बेबीबाईने विचारलं.

"दोन्ही," आप्पा भरल्या तोंडाने म्हणाले.

अकिला मात्र भिंतीकडे बघत होती. "आप्पा, इथे एक खिळा होता. अब्बा त्याला खळीचा डबा अडकवायचे. आता तो दिसत नाही. आणि भिंत जाड झाल्यासारखी वाटते."

आप्पांनी भिंग लावलं. खरंच, खिळा नव्हता. ते आनंदाने थरथरले. "खिळाही चोरला! गुन्हा वाढला!"

"पण भिंत..."

"बाळ, भिंती जाड होत नसतात. माणसं होतात." आणि ते पुन्हा भिंतीला टेकून विचार करू लागले.

शुक्रवारी संध्याकाळी जब्बारने नोटीस चिकटवली. हात कापत होते, म्हणून दुप्पट खळ लावली. शनिवारी फटफटायच्या आत आप्पा पहाऱ्याला हजर. लपायची जागा त्यांनी हुशारीने निवडली होती. भिंतीसमोरच रूपसिंगच्या खळ्यात लाल मिरच्यांचा ढीग वाळत होता. त्या ढिगाआड, गोणपाट पांघरून, आप्पा बसले. शेजारी अकिला. तिने ओढणी नाकाला बांधली होती. आप्पांनी नव्हती, कारण गुप्तहेराचं नाक मोकळं हवं.

नाक मोकळं होतं, तोवर वारा सुटला.

"आक्छी!" आप्पांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "आक्छी! अकिला, पानी... आक्छी! मरी गयू वं माय!" शुद्ध भाषा मिरचीपुढे टिकली नाही. अकिला तांब्या घेऊन विहिरीकडे पळाली.

तेवढ्यात चौकातून आवाज आला. "कोन शिंकी ऱ्हायनं? आप्पा, तुम्ही शेतस का? सर्दी व्हयनी का?"

भिंतीमागच्या घरातल्या छबूबाई बादली घेऊन बाहेर आल्या होत्या. आप्पांना समोर नुसतं लाल धुकं दिसत होतं. ते ओरडले, "छबूबाई, दूर व्हा! इथे तपास चालू आहे!"

"चालू द्या ना भाऊ. मन्हं बी काम चालू शे."

अकिला पाणी घेऊन आली. आप्पांनी डोळे धुतले, पुसले, आणि भिंतीकडे पाहिलं. नोटीस गेली होती! छबूबाई रिकामी बादली घेऊन घरात शिरत होत्या.

"छबूबाई, कोण आलं होतं इथे?" आप्पांनी विचारलं.

"कोनीच नही ऊनं."

आप्पांनी भिंतीला हात लावला. तळवा ओला आणि पांढरा झाला. "चोराला घाम फुटला होता!" ते गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे घाबरलेला माणूस. नोटीस लावताना काल कुणाचे हात कापत होते? जब्बारचे! नोटिसा बंद पडल्या तर कुणाचा डफ पुन्हा वाजेल? जब्बारचा! अकिला, चोर सापडला!"

या वेळी अकिला "अस्सं!" म्हणाली नाही. अब्बांना वाचवायला तिनेच तर हा गुप्तहेर आणला होता!

उन्हं तापली, तेव्हा पंचायत पारावर बसली. गाव लोटलं. जब्बार पट्टा काढून हातात धरून उभा होता, आणि त्याची मान खाली होती. आप्पा भिंतीपुढे येरझारा घालत भाषण करत होते. बकरीपासून सुरुवात झाली होती, जब्बारपर्यंत यायला अजून वेळ होता.

अकिला भिंतीला टेकून उभी होती. रडायचं नाही असं ठरवलं की मुलांची बोटं काही ना काही उकरत बसतात. तुमचीही बसत असतील. सकाळचा लेप उन्हात वाळून एका जागी पापडासारखा उचलला होता. अकिलाचं नख तिथे गेलं. एक टवका पडला. आत कागद दिसला, आणि कागदावर अक्षरं. तिसरीतल्या मुलीला अक्षरं दिसली की ती वाचल्याशिवाय राहते होय?

"ता... ब... ड... तो... ब," अकिला पुटपुटली. मग तिने दोन्ही हातांनी ओढलं.

भला मोठा पोपडा भिंतीवरून सुटून हातात आला. माती, कागद, माती, कागद, जणू थरावर थर घातलेली खानदेशी पुरणाच्या मांड्यांची चवडच! आणि मागून बाहेर डोकावला जब्बारचा खिळा.

"अब्बा! नोटिसा इथेच आहेत! सगळ्या!"

आप्पांचं भाषण "आणि म्हणूनच" या शब्दावर थांबलं. सगळ्यांच्या माना छबूबाईंकडे वळल्या.

"मन्हाकडे काय देखतस?" छबूबाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. "मी काय चोर शे का? जब्बारभाऊ, तूच दवंडी दिधी ना मांगला साली, डफ वाजाडीसन? रस्तावरनी भित दर शनवारले पोतारानी, भितवर डाग नही, कागद नही, नही तं आठ आना दंड! तवयपाईन एक शनवार चुकाडा नही मी. दर आठवडाले कोन मेला कागद चिटकाडी जास, आनि मी बिचारी पोतारी ऱ्हायनू!"

जब्बारला आठवलं. ती त्याची शेवटची दवंडी होती. सगळ्या गावाने ती ऐकली होती, आणि एकट्या छबूबाईंनी ती पाळली होती. त्या भिंत पोतारताना प्रत्येकाला दर शनिवारी दिसत होत्या. पण आपल्या भिंतीला पांढरी माती लावणाऱ्या बाईकडे कोण लक्ष देतं?

"तरी पण," शेठजी अवघडून म्हणाले, "कागद पंचायतना शेतस, एवढं समजाले नको?"

"माले वाचता येस नही, शेठ. तुम्हले येस. तुम्हनी म्हैस कशी कोंडाई गयी?"

निंबावरचे कावळेसुद्धा हसले म्हणतात.

अकिलाने एव्हाना सगळ्यात खालचा, सगळ्यात पहिला कागद सोडवला होता. ती मोठ्याने वाचू लागली, "कळवण्यात येते की, छबूबाई यांच्या भिंतीवर यापुढे पंचायतीच्या नोटिसा लागतील. सबब ती भिंत कोणीही पोतारू नये."

छबूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मंग हाई माले सांगानं ना भाऊ. तुम्ही भितले सांगं. भितले कान ऱ्हातस म्हनतस, पन तोंड नही ऱ्हास."

शेठजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "जब्बार, पट्टा बांध," ते म्हणाले. घाईघाईत जब्बारने पट्टा उलटाच बांधला. छबूबाईंनीच तो सरळ करून दिला.

"माझा अंदाज बरोबर ठरला!" आप्पांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं. "मी पहिल्यापासून सांगत होतो, नोटिसा गावाबाहेर गेलेल्या नाहीत!" एवढं बोलून ते ऐटीत वळले. कोटाची पाठ वरपासून खालपर्यंत पांढरी झाली होती. सगळा तपासभर ते पुराव्याला टेकून उभे होते.

"कारकून, लिहा," शेठजी म्हणाले. "आजपासून प्रत्येक नोटिशीची दवंडी पिटली जाईल. शिपाई जब्बार."

कारकुनाने झरझर लिहिलं. शेठजींनी सही केली, आणि या वेळी आधी वाचून केली. मग कारकून उठला, खळीचा डबा उचलला, आणि कागद घेऊन थेट भिंतीकडे निघाला.

अकिलाने धावत जाऊन तो कागद त्याच्या हातातून काढून घेतला आणि घराकडे पळत सुटली. खुंटीवरचा डफ काढला, फुंकर मारून वर्षाची धूळ उडवली, आणि परत येऊन पारावर चढली. पहिला ठोका चुकला. दुसरा बरोबर पडला. मग सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली,

"ऐका होऽ ऐका! छबूमायनी भित कोनी पोतारू नका होऽ! छबूमाय, तू बी!"