इनासमामांचा गोंगाट

इनासमामांकडे काही बोलायला गेलात, की ते आधी पंखा बंद करतात. मे महिना असो, तुमच्या कपाळावरून घामाच्या धारा वाहत असोत, पंखा बंद. मग एक बोट वर करून तो पुरता थांबेपर्यंत वाट बघतात आणि म्हणतात, "हं, आता बोला. मघाशी दोघं एकदम बोलत होतात." दुसरा कोण, हे नव्या माणसाला कळायला थोडा वेळ लागतो.

वसईजवळ वालीवला आमचा लहानसा कारखाना आहे. आम्ही कानाची मशीन बनवतो, म्हणजे कमी ऐकू येणारे लोक कानामागे लावतात ती श्रवणयंत्रं. मी खरेदी बघतो आणि इनासमामा चाचणी. प्रत्येक यंत्र त्यांच्या हातून जातं. ते एका जाड पेटीत ठेवायचं, झाकण लावायचं, आतल्या स्पीकरमधून खर्जापासून टिपेपर्यंत आवाज सोडायचे आणि यंत्र त्यांचं काय करतंय ते पडद्यावरच्या रेषेत बघायचं. रेष जरा कुठे वाकडी दिसली की यंत्र परत. इंजिनिअर पोरं कुरकुरतात, "मामा, मर्यादेत आहे ते." मामा म्हणतात, "तुझ्या मर्यादेत आहे. तिकडे कुणाच्या तरी आजीच्या कानात कचरा जाणार."

कचरा हा त्यांचा लाडका शब्द. नको असलेला प्रत्येक आवाज म्हणजे कचरा. मिक्सर कचरा, हॉर्न कचरा, डीजे म्हणजे तर डम्पिंग ग्राउंड. साहेबांचं भाषण संपलं की माझ्या कानात कुजबुजतात, "सिग्नल दोन मिनिटं. बाकी कचरा." त्यांनी लग्न केलं नाही. मुलगी बघायला गेले आणि तिच्या घरच्या फ्रिजची घरघर ऐकून परत आले, अशी आमच्याकडे अफवा होती. मी एकदा धीर करून विचारलं. म्हणाले, "छे, फ्रिज नाही. पाण्याची मोटर होती."

आणि असा हा माणूस सुट्टीच्या दिवशी काय करतो, तर गोंगाट गोळा करत हिंडतो! त्याला कारण आहे. आमच्या यंत्रात एक चिप असते. ती आवाजाचे बारीक तुकडे करते, त्यात बोलणं कुठलं आणि गलका कुठला ते ठरवते आणि गलका दाबते. हे तिला जमतंय का ते बघायला गोंगाट लागतो, आणि आमच्याकडचं गोंगाटाचं रेकॉर्डिंग होतं परदेशातलं. त्यात कॉफीच्या कपांची किणकिण आणि दबक्या आवाजात इंग्रजी बोलणारी माणसं. मामांनी ते ऐकून कपाळाला हात लावला. "याला गोंगाट म्हणतात? आमच्याकडे मयताला याहून जास्त आवाज असतो!"

तेव्हापासून खांद्याला रेकॉर्डर लावून मामांची स्वारी रिक्षा स्टँडवर, राजोडीच्या किनाऱ्यावर, कुठेही उभी दिसते. एका लग्नात ते बॅण्डच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि गाणं संपल्यावर बॅण्डवाल्यांना म्हणाले, "परत वाजवा. मध्येच कुत्रा भुंकला." त्यांना व्हिडिओवाला समजून बॅण्डवाल्यांनी बिचाऱ्यांनी पुन्हा वाजवलंही.

या सगळ्या खटाटोपामागे मोनूबाय आहेत, हे मला फार उशिरा कळलं. मोनूबाय म्हणजे मामांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा त्यांनीच मामांना लहानाचं मोठं केलं. त्या पाचूबंदरला एकट्याच राहतात आणि वसईच्या बाजारात मासळी विकतात. त्यांचे कान गेले, तेव्हा मामांनी नव्या मॉडेलमधलं यंत्र खास त्यांच्यासाठी बसवलं. समोरच्या गिऱ्हाइकाचा शब्द न् शब्द ऐकू यावा, बाजूचा आवाज दबावा, म्हणून त्यावर कित्येक महिने घालवले. आणि एवढं करून मोनूबाय ते यंत्र कमरेच्या पिशवीत ठेवायला लागल्या. वर म्हणाल्या, नाताळनंतर बाजारातली जागा सोडणार, घरी बसणार.

मामांचं जेवणावरचं लक्ष उडालं. "यंत्रात दोष नाही हो," मला सारखे सांगायचे. शेवटी एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटपल्यावर त्यांनी मला बाजारात बोलावलं. "तुम्ही गिऱ्हाईक व्हा. मी बघतो चुकतंय कुठे."

मामांनी बर्फाच्या खोक्यावर लॅपटॉप मांडला. मोनूबायनी नाखुशीने यंत्र कानाला लावलं. मी पुढे होऊन कोळंबीचा भाव करायला लागलो. खरेदी हा माझा धंदा. मी आवाज बारीक केला, पुटपुटलो, तोंडावर रुमाल धरला. बाईंनी एक अक्षर सोडलं नाही आणि एक पैसाही सोडला नाही. कोळंबी घेऊन मी घाम पुसत बाजूला झालो.

"बाय, सगलं बरोबर हाय," मामा म्हणाले. "मंग काढून का ठेवतेस?"

"गिऱ्हाईक ऐकू येतं रं," मोनूबाय म्हणाल्या. "पन ही फिलू बग, जवानीपासून माझ्या बाजूला बसते. तिचं तोंड हलतं, सगल्या हसतात, मना कायपन ऐकू येत नाय. मना हसतात का कशाला हसतात तेपन कलत नाय. मंग मीपन उगाच हसते."

"बाजूचं मीच दाबलंय, बाय. तो कचरा..."

"कचरा?" मोनूबायनी सुरा खाली ठेवला. "ती फिलू हाय!"

मामांनी लॅपटॉपवरचा हात मागे घेतला. त्यांचा चेहरा बघवेना.

"मासली कोनपन विकील. घरी कोन हाय मना? मी हितं मानसांत बसाला येते. त्येच जर ऐकू येत नाय, तर घरीच बसलेली बरी."

मामांनी लॅपटॉप पुढे ओढला. एवढ्या महिन्यांची मेहनत स्वतःच्या हाताने पुसायला सुरुवात केली. गलका दाबणं बंद. आजूबाजूचे आवाज पूर्ण मोकळे. "डोकं उठंल, बाय," ते म्हणाले.

"उठू दे."

सुऱ्यांची खटखट, बर्फ फोडण्याचा आवाज, टेम्पोचा हॉर्न, सगळं एकदम त्यांच्या कानात शिरलं असावं. मोनूबाय दचकल्या. मामांचा हात झटकन बटणाकडे गेला, तसं मोनूबायनी त्यांचं मनगट धरलं. "थांब!"

डाव्या बाजूला फिलूबाय पलीकडच्या बाईला खुशाल सांगत होत्या, "मोनूनं कालची कोलंबी खपवली बग त्या भाऊला."

मोनूबाय गर्रकन वळल्या. "तुझ्यासारखी परवाची तरी नाय दिली!"

सगळ्या रांगेत जो काय हशा उठला! फिलूबायनी तशाच मासळीच्या हातांनी मोनूबायच्या गळ्यात मिठी मारली आणि दाबलं गेलेलं यंत्र कुईऽऽ करून शिटी वाजवायला लागलं. अशी शिटी वाजली की एरवी मामा सगळा कारखाना डोक्यावर घेतात. इथे ते नुसते बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. कालच्या कोळंबीची पिशवी हातात घेऊन मीही हसत होतो, आणि मला फार बरं वाटत होतं.

"ह्यो रोज सांजचा फोन करायचा," मोनूबाय मला म्हणाल्या. "बाय, जेवलीस काय, येवढंच विचाराला. मना ऐकू येईना, तवापासून बंद झाला. आता कोनाशी बोलतो, देवाला ठावं."

मला ठाऊक होतं. कोणाशीच नाही. कारखान्यात आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, पण जगात त्यांना अरेतुरे करणारं एवढं एकच माणूस उरलं होतं, आणि ते हातचं जाणार म्हणून हा माणूस इतके महिने त्या जाड पेटीशी झगडत होता.

फिलूबायनी एक रिकामं खोकं पायाने सरकवलं. "बस रं इनास. उभा काय ऱ्हातोस पाव्हन्यासारका?"

मामा बसले. इस्त्रीची पँट ओल्या खोक्यावर टेकली, त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पलीकडे कोणीतरी गाड्यातला बर्फ ओतत होतं, दोन रिक्षावाले भांडत होते. मामांनी लॅपटॉप मिटला, पुढे वाकले आणि दोघींच्या मध्ये डोकं घालून म्हणाले, "फिलूबाय, तुमी सगल्या मघाशी कशावर हसत होतात? पहिल्यापासून सांग."