विलरावांची कंबर

आमच्या निंबखेडला इंग्रजीची सहाय्यक क्रियापदं नगरपालिकेच्या जुन्या धर्मशाळेत राहतात, आणि यंदा होळीनंतर त्यांच्यातल्या विलरावांनी कामावर जायचं बंद केलं. त्यांची कंबर धरली होती. ही गोष्ट गावात सगळ्यांत आधी मला कळली, कारण त्या मंडळींची खानावळ मी चालवते. पाटावर बसताना कोण कण्हतं ते वाढणारीला बरोबर कळतं.

मी इंदुमती कारंडे. गावात मला कारंडेकाकू म्हणतात, आणि माझी जीभ तिखट आहे असंही म्हणतात. म्हणोत बापडे.

आमच्याकडची पद्धत सरळ आहे. कुणाला इंग्रजीत बोलायचं असलं की पालिकेत अर्ज टाकायचा. ठरल्या वेळी लागेल ते क्रियापद येतं, बोलणाऱ्याच्या शेजारी उभं राहतं आणि वाक्य तोलून धरतं. ते नसलं तर वाक्य खाली पडतं आणि लोक हसतात. डू, डज आणि डिड ही भावंडं दिवसभर राबतात आणि मुकाट्यानं जेवतात. कॅन पैलवान गडी, त्याला भाकरी पुरत नाही. मे रोज दारात उभा राहून "आत येऊ का?" विचारतो. अरे मेल्या, रोजचा जेवणारा तू, ये की! शुड जेवता जेवता मला तेल कमी घाला म्हणून सांगतो, आणि मस्टपुढं पानात भाजी टाकून उठायची कुणाची टाप नाही.

विलराव सगळ्यांत सज्जन. उंच, ताठ, शब्दाला जागणारे. त्यांनीच आधी अंथरूण धरावं याचं मला वाईट वाटलं. मी त्यांना विचारलं, "विलराव, झालं तरी काय? जड उचललंत का काही?"

"जड नाही हो काकू," ते म्हणाले, "पोकळ."

भरल्या वाक्याला वजन असलं तरी ते तोलता येतं, असं त्यांचं म्हणणं. पोकळ वाक्य मात्र मधेच खचतं आणि सगळा भार कमरेवर येतो. आणि निंबखेडला तर आठवडाभर दुसरं काही उचलायलाच मिळत नाही.

खरं होतं ते. आमच्या गावात तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. नाही म्हटलं की माणसाला लागतं. लग्नाचं बोलावणं आलं की "येणार म्हणजे येणारच" म्हणायचं आणि त्या दिवशी मळ्यात जायचं. बोलावणाराही त्याचं पान धरत नाही, दोघंही खूश. "करू की", "बघू", "देऊन टाकू", यांवर आमचं गाव पिढ्यान्‌पिढ्या गुण्यागोविंदानं चाललंय. मराठीत त्याचा भार कुणावर पडत नाही. पण मधल्या काळात लोकांना इंग्रजीची हौस आली, आणि त्यांनी तेच सगळं उचलून इंग्रजीत नेलं. पेटकर टेलर प्रत्येक गिऱ्हाइकाला "आय विल गिव्ह टुमारो" म्हणायला लागला. नगरसेवक हंबीरराव पाण्याच्या टाकीबद्दल रोज सकाळी एक वाक्य बोलायचे. शेजारी उभे विलराव. दुसरं काय होणार?

ते अंथरुणाला खिळले आणि गावाचं इंग्रजी आजच्या दिवसापाशी येऊन थांबलं. काल काय झालं ते सांगता यायचं, आज काय चाललंय तेही, पुढचं काही नाही. कॉलेजच्या प्राचार्यांनी शॅल आजोबांना विनंती करून पाहिली, पण ते आता कोर्टाच्या कागदांपुरतेच बाहेर पडतात. हंबीररावांनी कॅनला नेलं आणि "वुई कॅन गिव्ह वॉटर" असं भाषण ठोकलं. वाक्य छान उभं राहिलं. पाणी आलं नाही, पण देता येतं एवढंच ते बोलले होते, त्यामुळे कुणाला तोंड उघडता आलं नाही.

मला गावाचं काय पडलं होतं? मला माझ्या रेवतीची काळजी होती.

रेवती माझी एकुलती एक लेक. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले. मी लोकांची ताटं वाढून तिला नर्स केलं. आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलात तिची मुलाखत ठरली होती, गुरुवारी दुपारी, घरी बसून कॉम्प्युटरवर. याआधी दोनदा हुकलं होतं. या वेळी हुकलं तर वयात बसणार नाही म्हणत होती. पोर रात्रंदिवस तयारी करायची, आणि पुढच्या बेताचं वाक्य आलं की ते धप्पकन पडायचं. मग ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मला बघवायचं नाही.

तिनं जावं असं मला वाटत होतं का? नाही! साफ नाही. लेक सातासमुद्रापार धाडून इथं मी कुणाचं तोंड बघू? पण ती म्हणाली होती, "दोन वर्षं काढते आई, आणि येते परत. मग इथंच कुठंतरी लागेन." त्या बोलण्यावर मी हो म्हटलं होतं. दोन वर्षं काय, दातांवर दात दाबून काढली असती.

मी पालिकेत गेले. क्रियापद विभागाला बेलसरेसाहेब आहेत. त्यांनी चष्मा पुसला.

"अर्ज कशासाठी?"

"भविष्यकाळासाठी."

"विल आजारी रजेवर आहेत. गोइंग टू चालेल का? पण ते जोडपं आहे, आणि त्यांच्याबरोबर ॲम येतो. तिघांना कॅमेऱ्याच्या बाहेर उभं करायला तुमच्याकडे जागा आहे?"

"माझी खोली केवढी, साहेब! एक टेबल ठेवलं की मलाच दारात उभं राहावं लागतं."

"मग नाही जमायचं. आजारी कर्मचाऱ्यावर सक्ती करता येत नाही." त्यांनी जरा विचार केला. "पण जवळच्या माणसानं हमी दिली तर ते स्वखुशीनं येऊ शकतात. तशी तरतूद आहे."

"कसली हमी?"

"बोलणाऱ्याच्या मनात आणि तोंडात एकच आहे, अशी. आजवर निंबखेडमधून कुणी दिलेली नाही."

"मी देते," मी म्हटलं. "माझ्या पोरीत खोट नाही."

सही करून मी थेट धर्मशाळेत गेले. एरंडाची पानं तव्यावर शेकली, तेल कोमट केलं आणि विलरावांची कंबर चांगली चोळून काढली. ते पालथे पडून होते.

"काकू, विचार करून दिलीत ना हमी?"

"आता त्यात कसला विचार? खोटं बोलली तर माझ्या दारात पाऊल टाकू नका."

"ती खोटं बोलली तर मला पाऊलच टाकता येणार नाही," ते म्हणाले, आणि यायचं कबूल केलं.

गुरुवारी सगळी मंडळी वेळेवर आली आणि दाराबाहेर रांगेत थांबली, वाक्य येईल तसं एकेकानं आत यायचं होतं. विलराव शेवटी आले, काठी टेकत. मी त्यांना टेबलाच्या कडेला उभं केलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारात थांबले. पडद्यावर पांढऱ्या केसांची एक बाई होती, बोलायला मायाळू. रेवतीनं निळा ड्रेस घातला होता. मला इंग्रजी येत नाही म्हणतात, पण जन्म या मंडळींना वाढण्यात गेला, थोडं तरी कळणारच.

सुरुवातीला हॅव, मग डिड, मग कॅन. रात्रपाळी केलीस का, जखमा बांधता येतात का, असलं सगळं. पोरगी धडाधड बोलली. माझा ऊर भरून आला. मग त्या बाईनं पुढचं विचारायला सुरुवात केली आणि विलरावांनी काठी भिंतीला लावली. आजारी माणसांची काळजी कशी घेशील? रेवतीनं सांगितलं. विलराव उभे. चूक झाली तर लपवशील का? त्यांच्यात नॉट येऊन मिसळला, तरी विलराव उभे. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. मिळतेय नोकरी, म्हटलं, मिळतेय!

शेवटी त्या बाईनं विचारलं की इथं आलेल्या मुली दोन वर्षांत परत जातात, आम्हाला कायमची माणसं हवीत, तुझं काय?

 रेवतीनं दाराकडे पाहिलं, माझ्याकडे. मी मानेनंच हो म्हटलं. म्हण बाई काहीतरी, त्यांना काय कळतंय, असं मला म्हणायचं होतं. अहो, निंबखेडचीच मी! नोकरीसाठी दोन शब्द पोकळ बोललं तर काय बिघडतं? विलरावांची कंबर पुन्हा शेकून देईन, असंही मनात येऊन गेलं.

"आय विल स्टे," रेवती म्हणाली.

मी विलरावांकडे पाहिलं. ते वाकले नाहीत. कमरेवर हात गेला नाही, कपाळाला आठी नाही. गवंड्याच्या ओळंब्यासारखे सरळ उभे होते, होळीआधीही मी त्यांना इतकं सरळ पाहिलं नव्हतं.

नोकरी मिळाली. त्या बाईनं तिथल्या तिथं सांगितलं. रेवती माझ्या गळ्यात पडली आणि रडली, मीही रडले. कशासाठी रडतोय ते दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. मग ती पेढे आणायला बाहेर गेली.

मंडळींची जेवायची वेळ झाली होती. मी पानं मांडली. विलराव काठीशिवाय पाटावर बसले. मला राहवलं नाही. त्यांच्या पानात वरण वाढता वाढता मी म्हटलं, "विलराव, माझं एक वाक्य आहे. एवढंसंच आहे. उठता का जरा?"

त्यांनी घास खाली ठेवला. पंगत थांबली. विलराव माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"शी विल कम," मी म्हटलं.

त्यांनी खूप जोर लावला. मान ताठ केली, ओठ आवळले, कपाळावर घाम आला. मग हळूच त्यांचा हात कमरेकडे जायला लागला.

"राहू द्या," मी म्हटलं. "बसा तुम्ही. भात निवतोय."