टॅमरॅक बेंडची न सापडलेली अंडी

“यंदा अंडी मी लपवणार! आणि अशी लपवणार, की गाव जन्मभर नाव काढेल!”

टॅमरॅक बेंड गावाच्या सेवा क्लबच्या सभेत टॉफ्ट सरांनी ही घोषणा केली, तेव्हा निम्मे सभासद कॉफीत डोनट बुडवत होते आणि उरलेले डुलक्या घेत होते. त्यामुळे ठराव एकमतानं मंजूर झाला.

व्हर्लिन टॉफ्ट म्हणजे गावच्या शाळेचे निवृत्त उपमुख्याध्यापक. ते निवृत्त झाले तरी त्यांच्यातला उपमुख्याध्यापक काही निवृत्त झाला नव्हता. दुकानात रांग वाकडी दिसली तर आधी ती सरळ करायचे आणि मग पाव घ्यायचे! अशा माणसाला क्लबचा ईस्टरचा, अंडी शोधायचा खेळ कसा बघवणार? चॉकलेटं भरलेली प्लॅस्टिकची अंडी बागेतल्या हिरवळीवर नुसती फेकलेली. शिट्टी वाजली की पोरं टोळधाडीसारखी तुटून पडणार, त्यांच्यामागून आईबाप कोपरं मारत घुसणार, आणि बघता बघता सगळं साफ! गेल्या वर्षी तर एका आजोबांचा चष्मासुद्धा कुणाच्या तरी टोपलीतून गेला.

“ह्याला शोधणं म्हणतात? ही लूट आहे, लूट!” सर घरी गरजले.

“पोरं खूश होतात ना?” त्यांची बायको आर्लीन म्हणाली. चॉकलेट समितीची प्रमुख तीच. क्लबात कशाचीही समिती असे. काट्याचमच्यांचीसुद्धा होती, आणि तिच्यात दोन गट होते!

“खूश! आणि चिकाटीचं काय? शिस्तीचं काय? अंडी कुठे आहेत ते यंदा फक्त मला ठाऊक असेल. तुलासुद्धा सांगणार नाही!”

“नको सांगूस. मला कुठे तुझी परीक्षा द्यायचीय?”

शुक्रवारी सर क्लबच्या तळघरात गुपचूप शिरले. अंड्यांची खोकी उचलली तर फुलासारखी हलकी! ‘अजून ताकद आहे बरं का आपल्यात,’ असं म्हणत सर स्वतःवरच खूश झाले आणि बागेत जाऊन कामाला लागले. जुन्या तोफेच्या तोंडात, झाडांच्या ढोल्यांत, पक्ष्यांसाठी टांगलेल्या लाकडी घरट्यांत, बाकांच्या बुडाशी चिकटपट्टी लावून... एखाद्या हेराला घाम फुटेल अशा जागा!

शनिवारी अख्खं गाव बागेत लोटलं. कोपऱ्यात पॅनकेक भाजले जात होते, कडेला अजून बर्फाचे ढिगारे होते. ईस्टरला पोरांसाठी अंडी आणतो म्हणतात त्या सशाच्या वेशात टॉफ्ट सर उभे होते. अंगात पांढरा झगा, वर हंड्याएवढं डोकं आणि त्यावर हातभर कान. क्लबच्या सगळ्यात जुन्या सभासद ओडेगार्डआजी समोरच घोंगडी गुंडाळून घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. आर्लीन तेवढी कुठे दिसत नव्हती.

शिट्टी वाजली. पोरं धावली. धावली ती धावतच राहिली! हिरवळीवर गवताशिवाय काही नव्हतं. पोरं वर बघत, खाली बघत, एकमेकांच्या टोपल्यांत बघत. सशाच्या डोक्याआड सर गालातल्या गालात हसत होते. आता लागेल चिकाटी!

तेवढ्यात झग्याच्या आत, विजारीच्या खिशात फोन थरथरायला लागला. सशाचे पंजे म्हणजे नुसत्या उशा, त्यांना चेन कसली सापडते! ससा अंग चाचपत गोल गोल फिरू लागला. लोकांना वाटलं नाचतोय. टाळ्या पडल्या.

तासाभरानं टाळ्या थांबल्या. एक पोर रडलं आणि रडं सर्दीसारखं पसरलं. आया चिखलात रांगू लागल्या, बाप झाडांवर चढले. डोळ्यांदेखत ट्युलिपचा वाफा उकरला जात असताना महापौरबाई गप्प राहिल्या, कारण उकरणाऱ्यांत त्यांचा जावई सगळ्यात पुढे होता.

“सर, पुरे झालं! सांगा ना कुठेत!” रॉल्फ नावाचा त्यांचा जुना विद्यार्थी पोरांना खांद्याला, काखेला लटकावून आला.

सशानं ठामपणे मान हलवली. पण मग एक चिमुरडी त्याच्या पायाला बिलगली. “सशा, आम्ही वाईट वागलो का रे?”

सर विरघळले. गेली खड्ड्यात ती शिस्त! त्यांनी डोकं उपसायला हात घातला, तर पट्टा अडकलेला. मग आतूनच ओरडले, “घरट्यात बघा! घरट्यात!”

बाहेर ऐकू आलं, “घराकडे भागा! घराकडे!”

“ऐकलंत? पोरांना हाकलतोय!”

“ससा आहे का कोण आहे!”

सर घसा फोडून ओरडले, “अरे, तोफेत! तोफेत!”

“आता तोफेच्या तोंडी देतो म्हणतोय!”

मंडळी सशाच्या अंगावर चालून जाणार, तोच ओडेगार्डआजींनी काठी आपटली. “गप्प बसा रे! रॉल्फ, त्या तोफेत हात घाल बघू.”

रॉल्फनं हात घातला आणि निळंभोर अंडं बाहेर काढलं! असा जल्लोष झाला की बदकं तळं सोडून उडाली. मान त्या चिमुरडीला मिळाला. सगळं गाव श्वास रोखून पाहत असताना तिनं अंडं उघडलं.

रिकामं!

दुसरं काढलं. रिकामं. तिसरंही रिकामं!

तेवढ्यात भोंगा वाजवत पोलिसांची गाडी आली. तिच्यातून आर्लीन उतरली ती ओरडतच. “चोरी झालीय! तळघरातली सगळी अंडी...” तिनं पोरीच्या हातातलं अंडं पाहिलं. मग ससा पाहिला. “व्हर्लिन! अरे, आम्ही चॉकलेटं दर वर्षी शनिवारी सकाळी भरतो! आणि फोन उचलायला काय झालं होतं?”

खोकी हलकी का होती, ते सरांना आत्ता उमगलं.

पोलीसही त्यांचाच विद्यार्थी निघाला. सशाच्या गळ्याचा पट्टा कापता कापता म्हणाला, “सर, न विचारता खडू घेतला म्हणून तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतंत. आठवतंय?”

आर्लीननं गाडीतून चॉकलेटांच्या पिशव्या काढून पोरांच्या टोपल्या भरल्या. रडं थांबलं. गाव पांगलं.

बागेत प्लॅस्टिक राहता कामा नये, असा महापौरबाईंचा हुकूम सुटला. सर पोतं घेऊन निघाले, पण अर्ध्या जागा त्यांनाच आठवेनात! ते डोकं खाजवत उभे राहिले, तेव्हा खुर्चीवरून आवाज आला.

“उजवीकडची ढोली बघ. आता त्या बाकाखाली. आणि वरचं घरटं राहिलं की!”

पोतं भरत आलं तसे सर चकित झाले. “आजी, तुम्हाला कसं ठाऊक?”

“अरे, केवढं ते तुझं सशाचं डोकं! कुणी अंड्याजवळ गेलं रे गेलं की गर्रकन तिकडे वळायचं.”

“मग आधी का नाही बोललात?”

आजींनी घोंगडी सारखी केली.

“तू इतका खुशीत होतास रे! म्हटलं, चला, एकाला तरी मजा येतेय.”