होडी उलटल्याचा दाखला

नदीला वाहता येते, पण नियोजन करून वाहता येत नाही. ही उणीव आमच्या नगरपालिकेने वेळीच ओळखली.

पंचवीस वर्षांपूर्वी पात्रातले मोठे दगड धोकादायक ठरवून पालिकेने काढले. (पहार धरणाऱ्यांत मीही होतो. मत कोणी विचारले नाही.) नदी शांत झाली. मग पाहणीत आढळले की शंभरातल्या एकसष्ट नागरिकांना शांत पाण्याचा कंटाळा येतो, सदतीस जणांना मत नाही आणि दोघांना पोहता येते. त्यावरून खळाळत्या पाण्याचे उद्यान मंजूर झाले. तेच दगड परत आणून, क्रमांक घालून, नकाशाप्रमाणे बसवले. वरच्या बंधाऱ्याचे दार दहाला उघडते, पाचला बंद होते. सोमवारी नदीला सुट्टी. लाटा तीन प्रकारच्या: बालगट, कुटुंब आणि 'स्वतःच्या जबाबदारीवर'.

पात्रात वल्हे मारणाऱ्या प्रत्येकाला आता दाखला लागतो. त्यासाठी होडी किमान एकदा उलटल्याचा व त्यातून सावरल्याचा पुरावा हवा. नियम रास्तच आहे. जो कधी उलटलाच नाही, त्याला सावरता येते हे कशावरून?

इथे आमचा नावाडी अडकला. उद्यानाच्या खालच्या अंगाला तो भाजीवाल्या, शिक्षक आणि पलीकडच्या दवाखान्यात जाणारे रोगी यांची ने-आण करतो. चाळीस वर्षांत त्याची होडी एकदाही उलटली नव्हती. दाखला नसेल तर पहिल्या तारखेपासून ती काठाला बांधायची होती.

"काका, अनुभवाच्या रकान्यात शून्य लिहिलंय तुम्ही," उद्यानाचा अभियंता म्हणाला.

"मग काय लिहू? उलटलीच नाही."

"कधी प्रयत्न तरी केलात?"

नावाड्याची बायको कार्यालयाच्या दारात उभी होती. "आता उलटवा की एकदा! घरात भांडी पाडताना बरा हात चालतो."

"मुद्दाम उलटवलेली चालत नाही, काकू. तसं पोटकलम आहे."

उद्घाटनाच्या दिवशी अभियंता स्वतः रबरी तराफ्यात बसला. हेल्मेट, जॅकेट, शिट्टी, सगळे नियमाप्रमाणे. दगड क्रमांक चौदाने तराफा उलटवला. (नकाशात तो दगड 'शोभेचा' आहे.) जॅकेटचा पट्टा सुटला आणि अभियंता गटांगळ्या खात कुटुंबाच्या लाटेतून खाली वाहत आला. नावाडी पैलतीरावर होता, तिथून वल्हे मारत निघाला. त्याने अभियंत्याची कॉलर धरली. अभियंत्याने घाबरून होडीच्या एकाच कडेवर सगळा भार टाकला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा होडी उलटली. नावाड्याने बुडी मारून आधी माणूस वर काढला, मग होडी सरळ केली आणि माणूस होडीत टाकला.

तोंडातले पाणी थुंकून अभियंता पहिले वाक्य बोलला, "काका, उलटली! अभिनंदन!"

"आधी नीट बस," नावाडी म्हणाला. "पुन्हा उलटवशील."

आता फक्त दोन साक्षीदारांच्या सह्या हव्या होत्या. अभियंता चालत नाही, कारण तो लाभार्थी. मी चालत नाही, कारण मी उद्यान समितीचा सभासद, आणि त्या वेळी मंडपात फितीचे एक टोक धरून उभा होतो. व्हिडिओ चालत नाही, कारण त्यावर सही करता येत नाही.

पण काठावर आठशे माणसे होती. पाण्यात उतरायच्या शिड्या चार, गळ्यात घालायच्या हवेच्या चाकांची संख्या बारा, फेकायचे दोर सहा. सगळे साहित्य जागच्या जागी आणि कोरडे मिळाले. फॉर्म आम्ही घरोघर पोचवले. तो सोपा आहे. नाव, पत्ता, आणि सहीच्या वर एकच प्रश्न: 'माणूस बुडताना पाहून आपण काय केले?'

सगळे फॉर्म वेळेत परत आले. नाव आहे, पत्ता आहे. प्रश्नाखालची जागा कोरी आणि म्हणून सहीही नाही. मुदत शुक्रवारपर्यंत आहे. नावाड्याने होडी बांधायचा दोर आणून ठेवला आहे.

तुमचा फॉर्मही आत्ता माझ्या हातात आहे. पत्ता अगदी पिनकोडसकट भरलात. तुमचा व्हिडिओही पाहिला. फार छान आला आहे. शेवटपर्यंत हात जराही हललेला नाही.