चंद्राक्कांची बसायची जागा

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले, त्या पहिल्या वर्षी माझ्या हातातल्या बांगड्या जितक्या वाढल्या, तितक्या शिवाजी पेठेतल्या सगळ्या सुनांच्या मिळून वाढल्या नसतील. फुटल्या म्हणायचं नाही, वाढल्या म्हणायचं. आणि सवाशिणीचा हात ओका ठेवायचा नाही, म्हणून दिवस मावळायच्या आत बांगडीवाल्या मणेरणीला बोलावणं धाडायचं. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "ही पोर हात भिताडावर आपटत हिंडतीया का काय?" पण हात मी आपटत नव्हतेच. माझा हात धरून तो पाण्याच्या घागरीवर आपटायच्या त्या माझ्या नवऱ्याच्या विधवा आत्या, चंद्राक्का.

हे काम त्या मोठ्या सफाईनं करायच्या. "बघू गं, मनगटाला काय लागलंय?" असं म्हणत जवळ घ्यायच्या, खळ्ळकन आवाज व्हायचा आणि माझ्याआधी त्याच ओरडायच्या, "आगं बया, वाढवलीस की! जावा रं कुनीतरी, जैनबीला हाळी द्या!" तोंडावर मात्र घरात लग्न निघाल्याचा आनंद.

अक्का तेव्हा चाळिशीच्या पुढं होत्या. अंगानं उंच, चालणं दाणदाण, आवाज तालमीतल्या वस्तादाचा. विसाव्या वर्षी नवरा गेला. आमच्यात विधवेचा पाट लावायची चाल होती, त्यामुळं तीन वेळा माणसं बघायला आली आणि तिन्ही वेळा अक्कांनी त्यांना दारातच सांगितलं, "पावनं, पानी प्या आन जावा. एकाची धोतरं धुतली, तेवढं बास झालं." त्यांच्या मोठ्या भावाची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, शाहूपुरीत गुळाची अडत होती. महाराजांनी ती पेठ नवीन वसवलेली, आमची माणसं दिवसभर तिकडंच. अडतीवर भाकरीची दुरडी पोचवण्याच्या निमित्तानं अक्का गावभर मोकळ्या हिंडायच्या.

जैनबी यायची ती पाठीला बांगड्यांचं गाठोडं घेऊन. ठेंगणी, हसरी, पान खाऊन ओठ लाल. तीही विधवाच. माझा हात ती दोन मिनिटांत भरायची. मग अक्कांचा मोकळा हात धरून बसायची आणि बांगडी चढवताना दाबतात तसा तो तासभर दाबत राहायची. "अक्का, कित्ता खरखरीत झाला गं हात," म्हणायची. अक्का म्हणायच्या, "दाब की मग." सासूबाई आतून विचारायच्या, काय चाललंय? "माप बगतीया," अक्का सांगायच्या. ज्या हातात जन्मात बांगडी चढायची नाही, त्याचं माप काय बघायचं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

पण सोप्यात सासूबाईंच्या नजरेखाली बसणं हे काही बसणं नव्हे, असं अक्कांचं मत होतं. दोघींना दिवेलागणीला घटकाभर निवांत बसायला जागा पाहिजे होती, आणि एवढ्या मोठ्या कोल्हापुरात ती मिळत नव्हती. अक्कांनी मग जागा हुडकायचा धडाकाच लावला. "सूनबाईला देवाला नेतो," असं सांगून मला बरोबर घ्यायच्या. मी म्हणजे परवाना. जैनबी वाटेत कुठंतरी येऊन मिळायची. जागा पारखायची अक्कांची कसोटी एकच होती. कुठंही गेलं की आधी उभ्याउभ्या विचारायच्या, "हितं पाय पसराय हुतंय का?"

कुठंच होत नव्हतं. रंकाळ्याच्या काठावर गेलो तर तालमीतले गडी अंग धुवायला आलेले, आणि त्यांना बघून आम्हालाच तोंड फिरवून परत यावं लागलं. देवळाच्या मंडपात जैनबीला घेऊन जायची सोय नव्हती. दर्ग्याच्या पटांगणात चांगलं ऐसपैस बसलो, पण तिथं जैनबीच्या नात्यातली एक म्हातारी भेटली आणि अक्कांचं कूळ, मूळ, शेती, भाऊबंद सगळं विचारून झाल्यावरच उठली. मग नाटकाला गेलो. बायकांच्या बाजूला चिकाचा पडदा, आत ही गर्दी. एका बाईनं आपलं रडकं पोर दोघींच्या मधोमध आणून बसवलं ते भरतवाक्यापर्यंत. बाहेर आल्यावर अक्का म्हणाल्या, "राजाचं राज्य गेलं म्हनून रडत हुतं ते सोंग. आमाला दोन हात जागा मिळंना, त्याला कोन रडतंय?" मी पोट धरून हसले. मला तेव्हा अक्का म्हणजे फुकटचा तमाशाच वाटायच्या.

शेवटी जागा सापडली ती आमच्याच अडतीच्या मागं. वखारीच्या पाठीमागच्या बोळात तुळसाबाई नावाच्या बाईनं चहाची खोप घातली होती. चहा त्या वेळी आमच्या घरी ताप आला तरच, काढा म्हणून मिळायचा. बाईमाणसानं बाहेर बसून चहा प्यायचा म्हणजे दारू प्यायल्यासारखंच. तुळसाबाई गुळाचा चहा करायची आणि फक्त बायकांना द्यायची. एखादा हमाल डोकावला की ओरडायची, "पावनं, म्होरल्या अंगाला जावा. हितं तुमचं काय न्हाय!"

आत वीसएक बायका, आणि सगळ्यांचे पाय पसरलेले! मी असं कधी बघितलं नव्हतं. गुळाच्या ढेपांना बारदान शिवणाऱ्या दोघी एका कोपऱ्यात होत्या. बारा वर्षं एका खोलीत राहत होत्या म्हणे. एक दुसरीची वेणी घालत होती आणि दुसरी तिच्या गुडघ्यावर मान टाकून चहा फुंकत होती. कुणी बघत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. मलाही कुणी "कुनाची गं तू?" म्हणून विचारलं नाही. सासरी आल्यापासून तो प्रश्न चुकलेला तो पहिला दिवस. मला तिथं फार बरं वाटलं होतं. हे आत्ताच लिहून ठेवते, कारण पुढं मी जे केलं ते वाचून कुणाला ते खरं वाटायचं नाही.

तिथली एक रीत होती. नवीन येणारीनं उखाणा घ्यायचा, पण नवऱ्याचा नाही. "जिच्यासंगं बसाय आलीस, तिचं नाव घे," तुळसाबाई म्हणाली. पेठेतल्या गड्यांना दरडावणाऱ्या अक्का एकदम खाली बघायला लागल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग एवढ्याशा आवाजात म्हणाल्या,

"शाहूपुरीच्या पेठंत गुळाची ढेप,
जैनबीसाठी घालीन जल्मभर पान्याची खेप."

बायकांनी गलका केला. जैनबीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला मात्र हसू आवरेना. चाळिशी उलटलेली बाई, केस पिकलेले, आणि नव्या नवरीसारखी लाजते! त्यानंतर दोन-तीन महिने आम्ही आठवड्यातून एकदा तिथं जात होतो, आणि माझ्या बांगड्याही जरा कमी वाढायला लागल्या.

मग संक्रांत आली. आमच्या घरी हळदीकुंकवाला चाळीसएक बायका. विधवांनी त्यात यायचं नाही, म्हणून अक्का समोर नव्हत्या. मला वाटलं, परसात असतील. उखाणे सुरू झाले. चांदीच्या ताटापासून महादेवाच्या पिंडीपर्यंत सगळं वापरून झालेलं. "नवी सूनबाय, आता तू!" असा आग्रह झाला. मला सगळ्यांना हसवायचं होतं. घरात कुणी मला मोजत नव्हतं, आज तरी बघतील, असं वाटलं. मी अक्कांसारखी मान खाली घातली, पदर बोटाला गुंडाळला, अक्कांचाच आवाज काढला आणि तो उखाणा जसाच्या तसा घेतला.

बायका हसून लोळल्या. हसणं ओसरल्यावर सासूबाईंनी विचारलं, "जैनबी? ती मनेरीन जैनबी?"

इथंसुद्धा मला गप्प बसता आलं असतं. चेष्टा केली म्हणाले असते तर निभावलं असतं. पण सासूबाईंनी मला माजघरात नेलं, दार लावलं, आणि मी घाबरून घडाघडा सगळं ओकले. बोळ सांगितला, खोप सांगितली, तुळसाबाईचं नाव सांगितलं. आणि वर म्हणाले, "मला जबरदस्तीनं नेत हुत्या." जबरदस्ती कसली! चहाच्या वासानं मीच दोघींच्या पुढं धावायची. हे वाक्य मी म्हणाले याची लाज मला अजून वाटते. जेवताना आठवलं तर घास तोंडात फिरतो.

खोप आमच्या वखारीच्या जागेत होती. सासऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी माणसं लावून ती मोडली. जैनबीला आमची गल्ली बंद झाली, मग बोलता बोलता आसपासच्या गल्ल्याही बंद झाल्या. तिचा लेक तिला मिरजेला घेऊन गेला, एवढं कानावर आलं. अक्कांची रवानगी आमच्या गडमुडशिंगीच्या मळ्यावर. गाडीत बसताना त्या भांडल्या नाहीत की रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "आता टिकतील बग तुज्या बांगड्या."

सासूबाई होत्या तोवर मला मळ्यावर जायची परवानगी नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी मागितलीही नाही. त्या वारल्यावर, संक्रांतीनंतर आठ वर्षांनी, मी गाडी जुंपायला लावली. वाटभर मनात घोकत होते: पाय धरायचे, मीच सांगितलं म्हणायचं, खोटंही बोलले म्हणायचं.

अक्का खोपटापुढं भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. वाळल्या होत्या, पण आवाज तोच. "आली बया! बस की. पाय पसर, हितं कुनी न्हाय." आणि खरंच कुणी नव्हतं. चारी बाजूंना ऊस आणि मधे ही एकटी बाई.

मी म्हणाले, "अक्का, त्या संक्रांतीला मी..."

"ठावं हाय की," अक्का म्हणाल्या. "मी सैपाकघरात तिळगूळ वळत हुतो. सगळं आयकलं."

काय काय ऐकलं, ते विचारायचा धीर होईना. अक्का शेंगा फोडायच्या थांबल्या आणि माझ्याकडे सरकल्या.

"पोरी, तुला एक सांगायचं ऱ्हाऊन गेलतं. सगळ्या बायका न्हवऱ्याची नावं घ्यायच्या आन मी वीस वरसं चुलीपुढनं आयकायचो. वाटायचं, माजंबी एक नाव हाय, एकदा चारचौघींत घ्यावं. खोपीत घेतलं, पन ती आपलीच मानसं. त्या दिवशी माज्या भावाच्या सोप्यात, एवढ्या सवाशिनींत, तू तिचं नाव घेतलंस. माज्या आवाजात घेतलंस की गं! मला वाटलं, मीच म्हनतोय. हसल्या समद्या. हसनारच, उखान्याला हसत्यातच. तुजं लई उपकार झालं बग."

मी मान हलवली. त्यांनी पुढ्यात टाकलेले शेंगदाणे खाल्ले, दोन घरच्या गोष्टी सांगितल्या आणि दिवस कलायच्या आत गाडीत बसले. तो उखाणा मी टिंगल म्हणून घेतला होता, हे मला त्यांना सांगता आलं नाही.