तीन इंच वजा

त्याग ही मनुष्याची सर्वोच्च अवस्था होय. यावर सगळ्या धर्मांचं एकमत आहे, आणि सगळ्या धर्मांचं एकमत सहसा कशावरच होत नाही. आमचे शेजारी गुणवंतराव तायडे या अवस्थेला पोहोचले, तेव्हा त्यांच्या घरात तीन कूलर होते. त्यातला एक चालू होता.

गुणवंतरावांनी चौतीस वर्षं जमिनी मोजल्या. अमरावती-अकोल्याकडे बांधाला बांध लागून जिथे जिथे भांडण आहे, तिथे तिथे ते उन्हात उभे राहून आले आहेत. निवृत्त झाले तरी कॉलनीत त्यांना मोजणीसाहेबच म्हणतात. त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे : "कागदावर काय हाय ते नका सांगू. जागेवर पाहू." भाजीवाल्यापासून जावयाच्या स्थळापर्यंत सगळ्यांना त्यांनी हे एकच वाक्य ऐकवलं आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा अकोल्यात कॉलेजात शिकवते. तिने घरावर आईवडिलांसाठी एक मजला चढवायला घेतला आणि फोनवर सांगितलं, "आता इकडेच या. सामान मात्र आणू नका, सगळं हाय इथं." अमरावतीच्या घराचा सौदा झाला. बुद्ध पौर्णिमेची खीर अकोल्यात करायची, असं तायडेकाकूंनी ठरवलं, म्हणजे ते ठरलं.

दुसऱ्या दिवशी गुणवंतराव माझ्याकडे मोबाइल घेऊन आले. "सर, ते जुन्या वस्तू विकायचं ॲप असते ना, ते लावून द्या. फोटो तुमी काढा. मजकूर मी लिहितो."

मजकूर त्यांना लिहू दिला, ही माझी चूक. पहिली जाहिरात अशी होती : "लोखंडी कपाट, एक. उंची सहा फूट दोन इंच. चतुःसीमा : पूर्वेस भिंत. पश्चिमेस जाण्यायेण्याचा रस्ता. उत्तरेस शिलाई मशीन. दक्षिणेस सौ. तायडे."

"मले काहून घातलं त्याच्यात?" काकूंनी चष्मा चढवून विचारलं.

"मोजणीच्या वक्ती तू तिथं उभी होती. जे जागेवर हाय ते लिहा लागते."

"मंग माही किंमतबी टाकून द्या. एखांदा घेऊन जाईन तं सुटली मी."

कूलर विकायला काढले तेव्हा माझ्या दारात एक कागद आला. लगतचा कब्जेदार या नात्याने मला काही हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. माझी हरकत होती, पण ती कूलर असण्याला होती, विकण्याला नव्हती. मी तसं लिहून दिलं. त्यांनी ते फाइलला लावलं.

ॲपवर गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, 'लास्ट प्राइस?' गुणवंतराव उत्तर द्यायचे, 'किंमत शेवटी पाहू. पयले जागा दाखवा.' आणि खरोखर जायचे. कपाटासाठी तिवश्याला गेले. तिथे त्या माणसाने कपाट ओल आलेल्या भिंतीला लावायचं ठरवलं होतं. सौदा मोडला. पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याची मोठी घागर, एका लग्नाच्या सजावटवाल्याला हवा होता. तो त्यात कागदाची फुलं ठेवणार होता. "गुंडात पाणी ठेवते मानूस," गुणवंतराव म्हणाले, आणि फोन ठेवला. बाळापूरच्या एका बाईला मात्र शिलाई मशीन मिळालं, कारण तिच्या खोलीत खिडकी डाव्या हाताला होती. तिला स्टूल, तेलाची कुपी आणि काकूंच्या कात्र्यांचा जोडही मिळाला. काकूंना हे दोन दिवसांनी कळलं.

या सगळ्या मोजण्या ते एकाच फितीने करायचे. फीत कापडी, पन्नास फुटी. अंजनगाव सुर्जीकडच्या एका बांधावर दोन चुलतभावांनी तिचं एकेक टोक धरून न्याय आपापल्या बाजूला ओढला. त्या ओढाताणीत तिचे सुरुवातीचे तीन इंच तुटून गेले. तेव्हापासून गुणवंतराव फितीवरचा आकडा वाचतात आणि पुटपुटतात, "तीन वजा." खिडकीचा पडदा मोजला, तीन वजा. वाढदिवसाला प्रज्ञाची उंची दाराच्या चौकटीवर लिहिली, तीन वजा. आपल्याला बाबांनी बुटकं ठेवलं, असं ती लहानपणी मैत्रिणींना सांगायची.

"नवी फीत घ्या ना," मी एकदा म्हणालो.

"नवीवर ध्यान राहत नाई, सर. हे कशी, मोजताना मानसाले जागं ठेवते."

हळूहळू घर रिकामं झालं. बंद कूलर भंगारात गेले. चालू कूलर, माझ्या खिडकीची पूर्ण तपासणी झाल्यावर, मला मिळाला. राहिली एक बंगई. पुण्याकडे जिला झोपाळा म्हणतात, ती. सागवानाची रुंद फळी, दोन्ही बाजूंना साखळ्या, आणि वर छताच्या स्लॅबमध्ये दोन कड्या. आमच्याकडे स्लॅब टाकतानाच सळईच्या कड्या आत सोडतात. बाकी घर पुढे कसंही होवो, बंगईची सोय आधी होते.

याच बंगईवर प्रज्ञाची झोप झाली, पाढे झाले आणि नंतर कॉलेजाचा अभ्यास झाला. गुणवंतराव खाली नकाशे पसरून बसायचे आणि एका पायाने बंगईला झोका द्यायचे. पाय थांबला की वरून आवाज यायचा, "बाबा, गाडी बंद पडली."

माघात एका सकाळी मी बंगईचा फोटो काढायला गेलो. पहिल्या फोटोत गुणवंतराव बंगईवर बसलेले आले.

"साहेब, उठा. बंगई विकायची आहे, तुम्हाला नाही."

दुसऱ्या फोटोतही ते बसलेलेच आले. तिसऱ्या वेळी उठले. स्टुलावर चढून त्यांनी कड्यांमधलं अंतर मोजलं. फीत गुंडाळली, पुन्हा उलगडली, पुन्हा मोजलं. "पाच फूट एक. लिहा," म्हणाले, आणि पाणी प्यायला आत गेले.

या जाहिरातीत चतुःसीमा नव्हत्या. मी आठवण केली.

"झुलते वस्तू हाय ते, सर. तिच्या सीमा काय लिहू?"

गिऱ्हाइकांची रांग लागली आणि एकेक करून परत गेली. फ्लॅटमध्ये कड्या नसतात. एकाने लोखंडी स्टँडचा फोटो पाठवला. गुणवंतरावांनी तो आजारी माणसाचा एक्स-रे पाहावा तसा पाहिला आणि मान हलवली. एका हॉटेलवाल्याला बंगई सेल्फी काढायच्या कोपऱ्यासाठी हवी होती.

"बसणार कोण तिच्यावर?"

"कोनीबी बसन, साहेब."

"तेच तं," गुणवंतराव म्हणाले.

वैशाख लागला. घर विकत घेतलेल्या गृहस्थांनी निरोप पाठवला की ते नवं नक्षीदार छत लावणार आहेत, तेव्हा बंगई उतरवा आणि कड्या कापून टाका. काकूंनी भंगारवाल्याला सोमवारी बोलावलं.

"प्रज्ञाला सांगा ना कड्या बसवायला," मी म्हणालो.

"पोरीनं सांगतलं ना, सामान आणू नका म्हून. तिच्या नव्या घरात आपून आपली अडगळ घेऊन जावं काय? अन् मांगून ठोकलेली कडी कडी नसते, सर. स्लॅबसंग ओतलेली पाह्यजे." एवढं बोलून ते बंगईवर बसले. पण झोका घेतला नाही.

भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी दोघांना माझ्या गाडीतून अकोल्याला नेलं. नवा मजला त्यांनी अजून पाहिला नव्हता. काकू थेट ओटा बघायला गेल्या. गुणवंतरावांनी बैठकीचे चारही कोपरे काटकोनात आहेत का ते पाहिलं. मग सवयीने वर पाहिलं. छतातून दोन कड्या खाली आल्या होत्या.

मग जन्मभर बांधाबांधावर जो प्रश्न विचारला तोच विचारला. "ह्या कोनाच्या कब्जातल्या?"

"तुमच्या," प्रज्ञा म्हणाली. "माघात स्लॅब टाकला तेव्हाच सोडल्या. तुमची जाहिरात दिसली होती मले ॲपवर. अंतर त्यातूनच घेतलं. तुमच्या मोजणीवर कोनी परत फीत लावते काय?"

"अन् मी इकून टाकली असती तं?"

"तुमी? कोनत्या गिऱ्हाइकाले?"

काकू ओट्यापाशी फिस्सकन हसल्या.

"मंग सामान आणू नका काहून म्हनलं?"

"बंगई सामान हाय काय, बाबा?"

यावर गुणवंतराव बाहेर गेले आणि त्यांनी गॅलरी मोजली. ती मोजायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तीनदा मोजली.

भंगारवाल्याला काकूंनी सोमवारी चहा पाजून परत पाठवलं.

बुद्ध पौर्णिमेला मी अकोल्यात खिरीला गेलो, तेव्हा बंगई नुकतीच टांगली होती. बघताक्षणी काहीतरी खटकलं. साखळ्या सरळ खाली येत नव्हत्या. वर फाकलेल्या, खाली आवळलेल्या. गुणवंतरावांनी फीत काढली आणि स्टुलावर चढले.

"पाच फूट चार," ते म्हणाले. "तीन वजा. पाच एक."

आणि हात वरच ठेवून थांबले. प्रज्ञाने कड्या जाहिरातीप्रमाणे अगदी चोख पाच फूट एकवर सोडल्या होत्या. चुकली होती जाहिरात. अमरावतीच्या कड्यांमधलं खरं अंतर चार फूट दहा होतं. त्या दिवशी तीन वजा करायचे राहून गेले होते.

"चौतीस वर्सं लोकायच्या बांधात बोटभर फरक पडू देल्ला नाई," काकू म्हणाल्या, "अन् घरच्या बंगईत तीन इंच!"

गुणवंतराव स्टुलावरून उतरले. त्यांनी काकूंकडे पाहिलं, प्रज्ञाकडे पाहिलं. "कागदावर चूक हाय," ते म्हणाले. "जागेवर बरोबर हाय."

तिघं बंगईवर बसली. वाटीतली खीर जरा हिंदकळली. उजवी कडी कुरकुरली, आणि गुणवंतरावांनी एका पायाने झोका दिला.

आठवड्याने ॲपवर एक नवी जाहिरात आली. मजकूर त्यांचाच होता : "कापडी फीत, एक. लांबी पन्नास फूट, तीन इंच वजा. फितीत दोष नाही. चूक मोजणाराची."

अजून कोणी विचारलेलं नाही.